मूव्ह केलेला बंगला अडीच मीटर पलीकडे का बसला?

प्रश्न असा आला आहे. नाशिकमधल्या एका ऑफिसात नुकत्याच लागलेल्या ड्राफ्ट्समनकडे सर्व्हेवाल्याची ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) फाइल आली, मीटरमध्ये काढलेली. प्लॉटच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली खुंटी १०१२.३५०,१०३८.७२० वर आहे. बाजूला ३ मीटर आणि पुढे रस्त्याकडे ४.५ मीटर सोडायचे, म्हणजे बंगल्याच्या प्लिंथचा कोपरा १०१५.३५०,१०४३.२२० वर यायला हवा. त्यांनी मूव्ह (वस्तू सरकवायची कमांड) घेतलं, प्लिंथचा कोपरा धरला, आकडा टाइप केला, एंटर मारलं. आयडी (बिंदूचे कोऑर्डिनेट दाखवणारी कमांड) करून पाहिलं तर कोपरा १०१७.८५०,१०४५.०२० वर. अनडू करून पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरचे सिनिअर म्हणतात, "माझ्या मशीनवर बरोबर बसतंय, तूच काहीतरी चुकतोयस."

तुम्ही चुकत नाही आहात आणि सिनिअरही खोटं बोलत नाहीत. आलेल्या आकड्यातून हवा असलेला आकडा वजा करा. २.५०० आणि १.८०० उरतात. आता अनडू करून प्लिंथचा तोच कोपरा मूव्ह करण्याआधी कुठे होता ते आयडीने बघा. पैज लावतो, २.५००,१.८०० वरच सापडेल. चूक जेव्हा बेस पॉइंटच्या (वस्तू जिथे धरली त्या बिंदूच्या) स्वतःच्या कोऑर्डिनेटइतकीच भरते, तेव्हा निदान एकच असतं: तुम्ही सांगितलं "तिथे जा", सॉफ्टवेअरने ऐकलं "इथून तितकं पुढे जा".

असं ऐकण्याचं कारण डायनॅमिक इनपुट. कर्सरच्या शेजारी छोट्या चौकटीत आकडे दिसतात ना, तेच. हे २००६ च्या आवृत्तीत आलं. त्याआधी आम्ही सगळं खालच्या कमांड लाइनवर टाइप करायचो आणि तिथे साधा आकडा म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट, शून्यापासून मोजलेला. रिलेटिव्ह हवं असेल तर पुढे @ लावायचा. डायनॅमिक इनपुट चालू असलं की दुसऱ्या पॉइंटपासून पुढे नियम उलटा होतो. साधा आकडा म्हणजे रिलेटिव्ह, आणि अ‍ॅब्सोल्यूट हवं असेल तर पुढे # लावायचा. पहिल्या पॉइंटला हा गोंधळ नसतो, कारण रिलेटिव्ह कशाच्या तुलनेत, असा प्रश्न तिथे येतच नाही. म्हणून रेघ सुरू करताना आकडा बरोबर लागतो आणि मूव्हमध्ये मात्र फसतो. माणसाला वाटतं सॉफ्टवेअर लहरी आहे.

तुमच्या सिनिअरनी बहुधा एफ१२ दाबून डायनॅमिक इनपुट कायमचं बंद ठेवलंय. माझ्या पिढीतले बरेच जण तसंच करतात. मी करत नाही, कारण लांबी आणि कोन डोळ्यांसमोर दिसण्याचा फायदा मोठा आहे. पण मी सवय एक लावून घेतली आहे: अ‍ॅब्सोल्यूट आकड्याला # आणि रिलेटिव्हला @, दोन्ही वेळी चिन्ह लावायचंच. मग मशीन कुणाचंही असो, सेटिंग काहीही असो, आकड्याचा अर्थ बदलत नाही. ड्राफ्टिंग सेटिंग्जमधल्या डायनॅमिक इनपुटच्या टॅबवर पॉइंटर इनपुटची सेटिंग उघडून रिलेटिव्हऐवजी अ‍ॅब्सोल्यूट निवडता येतं, पण उद्या दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसलात की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तर तुमच्यासाठी: एम, एंटर. बंगला सिलेक्ट करा, एंटर. प्लिंथचा नैर्ऋत्य कोपरा एंडपॉइंट स्नॅपने (रेघेच्या टोकाला कर्सर चिकटवणाऱ्या सोयीने) धरा. मग #१०१५.३५०,१०४३.२२० आणि एंटर. (आकडे अर्थात इंग्रजी कळफलकावरूनच टाइप करायचे. इथे देवनागरीत लिहितोय म्हणून सांगितलं.)

खरं तर तुम्ही ३ आणि ४.५ ची बेरीज कॅल्क्युलेटरवर केलीत, तीही करायची गरज नव्हती. दुसरा पॉइंट विचारला की फ्रॉम टाइप करून एंटर, खुंटीवर क्लिक, आणि @३,४.५. खुंटीपासून तेवढं अंतर सोडून कोपरा बसतो. इथे @ विसरायचा नाही. मार्जिनचं सगळं काम मी असंच करतो, कारण उद्या कुणी विचारलं की हा १०१५.३५० आला कुठून, तर उत्तर कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवर पुसलं गेलेलं असतं. फ्रॉममध्ये निदान मनात तरी राहतं की ३ मीटर सोडले होते.

आता मुळाशी जाऊ, कारण हा एक # लावून तुमचं आजचं काम होईल आणि पुढच्या आठवड्यात वेगळ्याच ठिकाणी अडकाल. मूव्ह कमांड तुम्हाला दोनच गोष्टी विचारते. वस्तूचा कुठला बिंदू धरू? आणि तो कुठे ठेवू? दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात तिसरा लपलेला असतो, जो ती विचारत नाही: कुठे म्हणजे कुणाच्या शून्यापासून? माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरांच्या जवळजवळ सगळ्या चुका या तिसऱ्या, न विचारलेल्या प्रश्नाच्या आहेत.

आधी बेस पॉइंट. भिंतीला बाहेरून प्लास्टर दाखवलंय का? प्लिंथची रेघ आणि भिंतीची रेघ वेगळी आहे का? स्नॅप झालेला हिरवा चौकोन नक्की कुठल्या रेघेच्या टोकावर आला, ते झूम करून बघितल्याशिवाय क्लिक करू नका. ५० मिलिमीटरच्या अंतरावर दोन एंडपॉइंट असले तर लांबून दिसणारा चौकोन एकच असतो. बेस पॉइंट वस्तूवरच असायला हवा असंही नाही. गोल पाण्याच्या टाकीचं केंद्र, दोन कॉलमच्या मधला बिंदू, काहीही धरता येतं.

आणि बेस पॉइंट दिल्यावर अस्वस्थ होऊन नुसतं एंटर दाबायचं नाही. हे वाक्य मी माझ्या टेबलावर चिकटवून ठेवायला हवं होतं. दुसऱ्या पॉइंटऐवजी रिकामं एंटर दिलं तर ऑटोकॅड पहिल्या पॉइंटचे कोऑर्डिनेट हेच सरकवण्याचं अंतर समजतं. याचा उपयोग आहे. एम, सिलेक्ट, ३,४.५ एंटर, पुन्हा एंटर: वस्तू ३ उजवीकडे आणि ४.५ वर सरकते, कुठेही क्लिक न करता, @ सुद्धा नको. डिस्प्लेसमेंटचा पर्याय निवडूनही तेच होतं. पण तुम्ही कोपऱ्यावर क्लिक करून चुकून एंटर मारलंत, आणि फाइल यूटीएम या जगभरच्या कोऑर्डिनेट पद्धतीतली असेल, तर बघा काय होतं. नाशिक शहराचं ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) साधारण ३७३००० मीटर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) साधारण २२१२००० मीटर. रिकाम्या एंटरने दोन्ही दुप्पट होतात: ७४६००० आणि ४४२४०००. एकदा सहज हिशेब करून पाहिला होता, हा बिंदू यूटीएमच्या त्याच झोनमध्ये (उभ्या पट्ट्यात) चीनमधल्या काश्गरच्या पूर्वेला, तक्लामकान वाळवंटाच्या बाजूला कुठेतरी पडतो. गंगापूर रोडवरचा बंगला एका एंटरमध्ये हिमालय ओलांडून जातो. स्क्रीनवर फक्त "गायब झाला" एवढंच दिसतं, आणि झूम एक्स्टेंट्स केलं की दोन कोपऱ्यांत दोन ठिपके. घाबरून दुसरं काही करू नका, लगेच अनडू.

आता शून्य. सर्व्हेवाल्याची फाइल दोन प्रकारची येते. एक, टोटल स्टेशनवर (मोजणीच्या यंत्रावर) पहिलं स्टेशन १०००,१००० असं मानून केलेली लोकल ग्रिड. तुमची तशीच दिसते, आणि बहुतेक त्याने प्लॉटची पुढची रेघ आडवी धरलेली आहे, म्हणून तुम्हाला ३ आणि ४.५ सरळ मिळवता आले. १००० मानण्याचं कारण साधं आहे, आजूबाजूचं काही मोजलं तरी आकडा उणे होऊ नये. दुसरा प्रकार डीजीपीएस (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र) लावून यूटीएममध्ये आणलेली फाइल.

नाशिकची यूटीएम फाइल ओळखण्याचा ठोकताळा सांगतो. आपला झोन ४३ उत्तर, त्याची मधली रेघ ७५ अंश पूर्वेवर, तिथे ईस्टिंग ५ लाख धरलेलं असतं. आपण त्या रेघेच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे ते ५ लाखांपेक्षा कमी. शहरात ३ लाख ७० हजारांच्या आसपास, इगतपुरीकडे गेलात तर ३ लाख ५० हजारांकडे घसरतं, मालेगावला ४ लाख ५० हजारांवर चढतं. नॉर्दिंग सगळीकडे २२ लाखांच्या आसपास. त्यामुळे फाइल उघडल्यावर एक्समध्ये २२ लाख दिसले की समजायचं, कुणीतरी नॉर्दिंग आणि ईस्टिंगची अदलाबदल केली आहे.

ही अदलाबदल फार होते. सर्व्हेवाल्यांच्या यादीत पॉइंट नंबर, मग नॉर्दिंग, मग ईस्टिंग, मग लेव्हल असा क्रम पुष्कळदा असतो. ऑटोकॅडला आधी एक्स लागतो, म्हणजे ईस्टिंग. उलटं टाकलं तर प्लॉट फिरत नाही, तो आरशातल्यासारखा उलटतो. उत्तरेचा रस्ता पूर्वेला दिसतो. मग माणूस तो रोटेट करून उत्तर जुळवायला बघतो आणि जुळत काही नाही, कारण डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात कितीही फिरवला तरी बसत नाही. लोकल ग्रिडमध्ये तर हे आकड्यांवरून ओळखूही येत नाही. तिथे एकच उपाय, जागेवर जाऊन आलेल्या माणसाला विचारायचं की रस्त्याकडे तोंड केल्यावर विहीर कुठल्या हाताला.

स्वल्पविरामाचं दुखणं खास आपलं. यादीत किंवा पत्रावर आकडा आपल्या पद्धतीने छापलेला असतो, ३,७३,४१२ असा. तो तसाच कॉपी करून चिकटवला की ऑटोकॅडच्या लेखी एक्स ३, वाय ७३, झेड ४१२. आणि हा वैध पॉइंट आहे, त्यामुळे ते कुरकुरतही नाही! एक्सेलमधून आकडे घेण्याआधी त्या कॉलमचं फॉरमॅट साधं करा, स्वल्पविराम काढून टाका.

बरेच पॉइंट एकदम टाकायचे असतील तर एक्सेलमध्ये एक्स, स्वल्पविराम आणि वाय जोडून तयार केलेली यादी कमांड लाइनवर पेस्ट करता येते किंवा स्क्रिप्ट करून चालवता येते. त्याआधी एफ३ ने ओस्नॅप (स्नॅपची सोय) बंद करा. हाताने टाइप केलेल्या आकड्याला स्नॅप एरवी हात लावत नाही, पण स्क्रिप्टमधून आलेल्या आकड्याला तो जवळच्या एंडपॉइंटकडे खेचू शकतो. दोनशे पॉइंटपैकी सात पॉइंट शेजारच्या पॉइंटवर जाऊन बसलेत, हे शोधायला मला एकदा अख्खी दुपार लागली होती.

"यूटीएमचे लाखांचे आकडे नकोत, सगळं उचलून ०,० वर आणू का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मोह समजतो. शून्यापासून इतक्या लांब काम केलं की स्क्रीनवर रेघा थरथरतात, हॅच (चौकटीतली रेघांची भरण) फाटल्यासारखा दिसतो. तरीही सर्व्हेची मूळ फाइल हलवू नका. ती हलवली की सर्व्हेवाल्याची पुढची फाइल, नगररचनेचा नकाशा, गुगल अर्थवर टाकायची प्रत, कशाशीच ती जुळणार नाही. हलवायचीच वेळ आली तर अंतर पूर्ण आकड्यात ठेवा, ३७३०००,२२१२००० असं, ३७३४१२.३५०,२२१२०८५.६१० असं नाही, आणि ते फाइलमध्येच टेक्स्ट म्हणून ठळक लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तुम्हालाच ते लागेल.

त्यापेक्षा यूसीएस (स्वतःचं शून्य ठरवायची कमांड) वापरा. यूसीएस टाइप करून प्लॉटच्या खुंटीवर क्लिक केलं, एंटर दिलं, की तुमच्यापुरतं शून्य त्या खुंटीवर येतं. ड्रॉइंग जागचं हलत नाही, मोजण्याची जागा तेवढी बदलते. मग कोपरा कुठे न्यायचा? #३,४.५. काम झालं की यूसीएस, डब्ल्यू, एंटर, पुन्हा वर्ल्डवर, म्हणजे फाइलच्या मूळ शून्यावर. खुंटीवर यूसीएस असताना मधेच वर्ल्डचा आकडा द्यायचा असेल तर त्याच्या पुढे * लावतात.

पण दुधारी आहे हे. दुसऱ्याची फाइल उघडलीत आणि तो यूसीएस बदलून तसाच ठेवून गेला असेल, तर # लावूनही वस्तू भलतीकडे जाते. आयडी आणि प्रॉपर्टीजमधले आकडेही चालू यूसीएसमधलेच असतात, त्यामुळे तपासणीत सगळं बरोबरच दिसतं. चोराच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या. म्हणून दुसऱ्याच्या फाइलमध्ये शिरल्यावर आधी कोपऱ्यातल्या यूसीएसच्या खुणेकडे बघा. दोन अक्ष मिळतात तिथे छोटा चौकोन असेल तर वर्ल्ड. नसेल तर आधी वर्ल्डवर या, मग बाकीचं.

एककांचं फार लांबवत नाही. सर्व्हे मीटरमध्ये, आर्किटेक्टचा प्लॅन मिलिमीटरमध्ये, तेव्हा प्लॅन ०.००१ ने स्केल केल्याशिवाय आत आणू नका. स्केल करताना बेस पॉइंट ०,० द्या, म्हणजे कुठला आकडा कशाचा झाला हे डोक्यात राहतं. तुम्ही ते केलेलं आहे, नाहीतर चूक २.५ ची न येता २५०० ची आली असती.

प्लॉट तिरका असेल तर मूव्ह आणि रोटेट वेगवेगळं करत बसण्यापेक्षा अलाइन घ्या. एएल, बंगला सिलेक्ट, पहिला कोपरा आणि त्याची नवी जागा, दुसरा कोपरा आणि त्याची नवी जागा, एंटर. मग विचारलं जातं, वस्तू स्केल करायची का? उत्तर नाही. माझ्याकडे एकाने होय दिलं होतं. प्लॅनमध्ये ती बाजू १८.००० मीटर, खुंट्यांमध्ये भरली १७.९४०. सॉफ्टवेअरने इमानदारीत सगळा बंगला दाबून बसवला आणि २३० ची भिंत २२९.२ ची झाली. नऊ इंची भिंतीवर ०.८ मिलिमीटर कुणाला दिसणार? दिसलं ते ड्रॉइंगवर माप टाकताना, एकही आकडा पूर्ण येईना.

स्केल न करता अलाइन केलं तर पहिला बिंदू तंतोतंत बसतो, दुसरा फक्त दिशा देतो. म्हणून ज्या कोपऱ्यावर तडजोड चालणार नाही, तो पहिला द्या. आणि दुसऱ्या टोकाला जी फट उरते ती लपवू नका, तिच्यात माहिती असते. ६ सेंटिमीटरची फट म्हणजे एकतर प्लॅन चुकीच्या मापावर काढलाय किंवा खुंटी हलली आहे. यूटीएमच्या फाइलमध्ये मात्र थोडी फट असणारच. यूटीएम म्हणजे गोल पृथ्वीचा सपाट कागद. त्यावरचं अंतर आणि जमिनीवर टेप लावून मोजलेलं अंतर एक नसतं. नाशिकमध्ये, आपली उंची धरून, १०० मीटरला साधारण ३ सेंटिमीटर कमी भरतं. बंगल्याच्या प्लॉटवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सिन्नरकडे दहा-वीस एकरांचा लेआउट टाकताना येतं, आणि मग सर्व्हेवाला विरुद्ध ठेकेदार अशी भांडणं लागतात, ज्यात दोघेही बरोबर असतात.

झेडकडे बघायची सवय नसते, कारण वरून बघताना तो दिसत नाही. सर्व्हेच्या खुंट्यांना लेव्हल असते, कुठे १०० मानलेली, कुठे समुद्रसपाटीपासूनची, म्हणजे आपल्याकडे ५७०-५८० मीटर. बंगल्याचा कोपरा त्या खुंटीवर स्नॅप केलात तर बंगलाही तेवढा वर चढतो. वरून सगळं ठीक दिसतं आणि मग फिलेट (दोन रेघांचा कोपरा जोडणं) होत नाही, हॅचला बंद चौकट सापडत नाही, अंतर मोजलं तर भलतंच. कोऑर्डिनेट टाइप करून हलवण्याचा एक फायदा हा, की झेड लिहिलाच नाही तर तो चालू एलिव्हेशनचा, म्हणजे सहसा शून्य धरला जातो. स्नॅपनेच काम करायचं असेल तर ओस्नॅप-झेड नावाचं व्हेरिएबल १ करून ठेवा. आधीच तरंगलेल्या रेघा खाली आणायला फ्लॅटन आहे. जुने लोक सगळं सिलेक्ट करून झेडमध्ये १ई९९ ने वर आणि मग तेवढंच खाली मूव्ह करायचे. एवढ्या प्रचंड आकड्यापुढे मूळची उंची मिळवली तरी आकडा बदलत नाही, ती हिशेबातून निसटते आणि परत येताना सगळं शून्यावर येतं. जुगाडच, पण पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी टाळी वाजवली होती.

प्रॉपर्टीजच्या खिडकीतून थेट आकडा बदलणं हाही एक रस्ता. वर्तुळ किंवा ब्लॉक असेल तर उत्तम, केंद्राचा किंवा पोझिशनचा एक्स बदलला की सबंध वस्तू तिथे जाते. आठ वर्तुळं एकदम निवडून केंद्राचा वाय लिहिला की आठही भोकं एका ओळीत. सातपूरला जॉब शॉपमध्ये होतो तेव्हा फिक्स्चर प्लेटची भोकं मी अशीच लावायचो. पण रेघेचा स्टार्ट एक्स बदललात तर रेघ जागची हलत नाही, तिचं एकच टोक हलतं आणि ती ताणली जाते. पॉलीलाइनचंही तसंच, एक शिरोबिंदू तेवढा सरकतो.

सातपूरचा विषय निघालाच आहे तर, मशीनवर जाणाऱ्या डीएक्सएफ फाइलमध्ये शून्य तुमचं नसतं, ऑपरेटरचं असतं. तो जॉबच्या ज्या कोपऱ्याला टच करून जी५४ (जॉबचं शून्य) लावणार, तोच कोपरा ड्रॉइंगमध्ये ०,० वर हवा. तिथे मात्र सगळं उचलून #०,० वर आणायलाच लागतं. फाइल पाठवण्याआधी "झिरो कुठून घेणार?" एवढा एक फोन करायचा.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती कुठल्याही # किंवा @ ने टळली नसती. एका बंगल्याचं ड्रॉइंग होतं. कॉलमच्या सेंटर लाइनचा लेअर मी स्वतःच लॉक करून ठेवला होता, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मार्जिन बदललं, बंगला ४५० मिलिमीटर मागे घ्यायचा होता. ऑल देऊन सगळं सिलेक्ट केलं, मूव्ह केलं, एका कोपऱ्यावर आयडी केलं, आकडा चोख. प्रिंट काढून साइटवर. लॉक लेअर मूव्हमध्ये येत नाही, फ्रीझ केलेलाही येत नाही. कमांड लाइनवर "इतके ऑब्जेक्ट लॉक लेअरवर होते" अशी ओळ येते, ती मी वाचलीच नाही. भिंती मागे गेल्या, सेंटर लाइन जागच्या जागी. लाइनआउटला मिस्त्रीने सेंटर लाइनवरून फक्की टाकली, मग पुढच्या भिंतीचं अंतर टेपने धरलं आणि म्हणाला, "साहेब, कॉलम भिंतीच्या बाहेर उभा राहतोय." खड्डे खणायच्या आधी सापडलं हे माझं नशीब. तेव्हापासून मोठं काही हलवण्याआधी सगळे लेअर अनलॉक आणि थॉ (फ्रीझ काढणं) करतो, आणि नंतर एका नाही, दोन लेअरवरच्या दोन बिंदूंना आयडी लावतो.

आयडीचा आकडा वाचताना युनिट्समधलं प्रिसिजन बघून घ्या. तिथे दोनच दशांश ठेवले असतील तर १०१५.३५४ सुद्धा १०१५.३५ दिसतो. आतला आकडा पूर्ण असतो, दिसायला गोल होतो. पण तुम्ही तो दिसणारा आकडा वाचून दुसरीकडे टाइप केलात की चूक कायमची झाली. मी मीटरच्या फाइलमध्ये तीन दशांश ठेवतो. आठ ठेवणाऱ्यांनी साइटवर एकदा सुतळी धरून बघावी.

ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड वापरत असाल तर कमांड बहुतेक याच आहेत. साध्या आकड्याचा अर्थ तिथे काय घेतला जातो, हे एका चौकोनावर करून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

तुमच्या बंगल्याची बाहेरची मापं रस्त्यालगत ९ मीटर आणि आत १२ मीटर आहेत असं तुम्ही लिहिलंय. # लावून मूव्ह केल्यावर नैर्ऋत्य कोपरा तर बरोबर येईलच, तो तुम्हीच टाइप केलाय. आयडी समोरच्या ईशान्य कोपऱ्यावर लावा. तिथे १०२४.३५०,१०५५.२२० आलं आणि झेड शून्य दिसला, तर प्रिंट काढा.